थंडीत रान कसं तगतं ते बघायचं कसं (खास खान्देशवाल्यांसाठी)

खान्देश म्हटलं की बाहेरच्यांना फक्त मे महिना आठवतो, भुसावळ ४५, जळगाव ४५ वगैरे. डिसेंबर-जानेवारीत धुळ्याचा पारा ५-६ अंशांवर येतो हे त्यांच्या गावीही नसतं. आणि वर सातपुड्यात तोरणमाळला, डाबला, मोलगीकडे गवतावरचं दव गोठून पांढरं होतं ते आपल्यातल्याही बऱ्याच जणांनी फक्त व्हॉट्सॲपवरच पाहिलेलं असतं. आपण गोधडी ओढतो, शेकोटी पेटवतो, कपाटातून स्वेटर काढतो, रानातल्या जिवाकडे यातलं काहीच नाही, तरी तो मार्चात टुणटुणीत सापडतो. हे कसं जमतं ते बघायला हिमालयात जायची गरज नाही भो, आपला बांध, नाला, धरणाचा काठ बास आहे. कधी जायचं, कुठे उभं राहायचं आणि काय बघायचं एवढं माहीत पाहिजे, तेच लिहितोय.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा म्हणजे पुढचं सगळं आपोआप कळतं. थंडी म्हणजे रानात मुख्यतः खर्चाचा प्रश्न आहे. बुलबुलाएवढ्या पक्ष्याचं शरीर ४०-४१ अंशांवर चालतं, बाहेर पहाटे ६ अंश, म्हणजे मधला ३५ अंशांचा फरक त्याने रात्रभर स्वतःच्या पोटातल्या जळणावर भरून काढायचा, आणि ते जळण दिवस मावळायच्या आत खाऊन घेतलेलं पाहिजे. लहान जिवाला हे जास्त महाग पडतं कारण अंगाच्या मानाने कातडी जास्त, ऊब निसटते पटकन. म्हणून थंडीत जनावर जे काही करताना दिसेल तेव्हा स्वतःला एकच विचारायचं, हा आत्ता काय वाचवतोय? उत्तर बहुतेक वेळा समोरच दिसतं.

वेळ आणि जागा

रात्री आभाळ निरभ्र होतं का ते बघून दुसऱ्या दिवशी जायचं. ढग असले की जमिनीची ऊब खालीच अडकून राहते आणि पहाट कोमट जाते, मग बघायला मजा नाही. निरभ्र रात्र, वारा पडलेला, आणि पहाटे गाडीवर नाल्याच्या उतारात शिरलं की एकदम गुडघ्यांना गारवा झोंबतो, ती रात्र खरी. थंड हवा जड असते, ती रात्रभर उतारावरून खाली सरकत नाल्यात, खोलगट जागेत जाऊन साचते. म्हणूनच रात्री मुक्कामाला बरीच जनावरं अगदी तळाला न बसता थोडी वर, उताराच्या अंगाला, वारा लागणार नाही अशी जागा धरतात. हे एकदा गाडीवर अंगावर घेतलं की मग पुस्तक लागत नाही.

उजाडायच्या अर्धा तास आधी जागेवर पोचा. सूर्य आपल्या पाठीशी येईल असं उभं राहा आणि पहिलं ऊन कुठे पडतं तिकडे नजर ठेवा: सुकलेल्या झाडाचा शेंडा, विजेच्या तारा, पूर्वेकडे तोंड असलेला दगडी बांध, पडक्या विहिरीचा काठ, गावदरीची भिंत. पहिलं ऊन जिथे पडतं तिथे सगळ्यात आधी कोणीतरी येऊन बसणार हे गृहीत धरा. साडेसहा ते नऊ हा सगळा खेळ, नऊनंतर जो तो आपापल्या कामाला लागतो आणि तुम्हाला नेहमीचंच रान दिसतं.

सामान फार नाही. टोपी, मफलर, मळखाऊ कपडे (तो पोपटी जॅकेट कृपया घरीच ठेवा), दुर्बीण असली तर आठ पटीची बास होते, थर्मासात चहा. केळीच्या बागांच्या किंवा उसाच्या कडेने जाणार असाल तर एकट्याने अंधारात जाऊ नका, बिबट्याचा वावर आता नवीन राहिलेला नाही, दोघं-तिघं, बोलत, हातात बॅटरी. यावल, अनेर, गौताळा ही अभयारण्यं आहेत, तिथे वनखात्याला विचारूनच आत. आणि वाटेत कोणी म्हातारबाबा शेकोटीपाशी थांबवून "इतली थंडीमा कथा चालना रे भो?" (एवढ्या थंडीत कुठे चाललास रे भाऊ?) विचारणारच, तर थांबा, कारण कोणत्या बांधावर काय बसतं हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त माहीत असतं.

तारेवरचे राघू

सुरुवात वेड्या राघूपासून करा (पोपट नव्हे, किडे खाणारा छोटा हिरवा पक्षी), सगळीकडे आहे आणि लाजत नाही. एरवी हा पक्षी तारेवर एकेकटा, मधे अंतर ठेवून बसणारा. थंडीच्या पहाटे तेच चार-पाच राघू एकमेकांना खेटून, खांद्याला खांदा लावून बसलेले दिसतात, इतके चिकटून की दुरून एकच हिरवा लांबट गोळा वाटावा. कडेच्याला एका बाजूने गारवा लागतो, मग तो मधे घुसायचा प्रयत्न करतो आणि सगळी रांग कुरकुरत सरकते. ऊन आलं की बघा, सगळे सूर्याकडे पाठ करतात आणि पाठीवरची पिसं उभी करतात, म्हणजे ऊन थेट कातडीपर्यंत जातं. त्यांना घाई करून उपयोगही नाही, कारण यांचं खाणं म्हणजे उडणाऱ्या माश्या, चतुर, मधमाश्या, आणि हे किडे स्वतः गारठून बसलेले असतात, हवा तापल्याशिवाय उडत नाहीत. जेवण उठायच्या आधी जेवायला निघून काय करणार, म्हणून बसून राहायचं आणि खर्च वाचवायचा. पहिला राघू तारेवरून झेप घेऊन हवेतला किडा पकडतो ती वेळ नोंदवून ठेवा, थंडी जितकी जास्त तितकी ती वेळ पुढे सरकते.

पक्षी थंडीत जाडजूड दिसतो तो खाऊन झालेला नसतो. पिसं फुलवली की मधे हवा अडकते आणि अडकलेली हवा ऊब सोडत नाही, आपली गोधडी पण त्याच तत्त्वावर चालते. एक पाय पोटात, चोच पाठीच्या पिसांत, म्हणजे उघड्या राहिलेल्या जागा कमी. पिंगळा तर ढोलीच्या तोंडाशी डोळे अर्धे मिटून उन्हाला बसतो, जुन्या चिंचेला, वडाला, पडक्या वाड्याच्या भिंतीत कुठे ढोल असेल तर साडेसात-आठला हमखास. घारी तेवढ्या उशिरापर्यंत झाडावरच दिसतील, जमीन तापून हवा वर चढायला लागेपर्यंत त्या उठत नाहीत, कारण पंख मारत फिरणं त्यांना परवडत नाही, तरंगत फिरणं परवडतं. सातभाईंचा थवा रात्री फांदीवर ओळीने चिकटून झोपतो, तो बघायचा असेल तर सूर्य बुडताना त्यांच्या मागे राहा, कुठे शिरतात ते बघा आणि सकाळी तिथेच जा. रात्री बॅटरी मारून बघू नका, उठवलेल्या पक्ष्याचा रात्रीचा साठा तिथेच फुकट खर्च होतो.

आता बदकांचं लोक नेहमी विचारतात, थंडगार पाण्यात पाय घालून ती दिवसभर कशी बसतात. पायाकडे जाणारं गरम रक्त आणि पायाकडून परत येणारं गार रक्त यांच्या नळ्या एकमेकींना अगदी लागून असतात, जाता जाता गरम रक्त आपली ऊब परत येणाऱ्याला देऊन टाकतं. पाय थंडच राहतात पण ती थंडी शरीरात शिरत नाही, आणि पायातून पाण्यात ऊबही फारशी जात नाही. शेपटीपाशी तेलाची ग्रंथी असते, चोचीने ते तेल पिसांना लावतात म्हणून पाणी आतपर्यंत पोचत नाही. हतनूरला काठावर बसून बघा, बदक खाण्याखेरीज पिसं नीट करण्यातही बराच वेळ घालवतं.

ज्यांना आपली थंडी म्हणजे ऊन

हतनूरचा विषय निघालाच आहे तर पाहुण्यांचं बोलू. तापी आणि पूर्णा चांगदेवला मिळतात, तिथून खाली हतनूर धरणाचा फुगवटा, उथळ कडा, गाळ, पाणवनस्पती. इथे हिवाळ्यात उत्तरेकडून बदकं उतरतात, थापट्या, तलवार बदक, चक्रवाक. धुळेकरांनी नकाणे तलाव बघावा, जळगावकरांना मेहरूण आहेच, नंदुरबारवाल्यांनी तोरणमाळचा यशवंत तलाव. हे पक्षी थंडीला घाबरून येतात असं आपण सोपं करून म्हणतो, पण खरं कारण पोट आहे. तिकडे मध्य आशियात, सैबेरियात, लडाख-तिबेटच्या तळ्यांवर पाणी गोठतं, पाणी गोठलं की खाणं बंद, मग अंगावर कितीही पिसं असू द्या. पट्टकादंब हंस तर थेट हिमालय ओलांडून येतो, त्याच्या अंगावर लावलेल्या यंत्रांनी ७,००० मीटरच्या वरची उंची नोंदवलीय. आपण ज्या १० अंशांत कुडकुडतो ते त्याच्यासाठी मजेचं हवामान आहे.

पण फक्त धरणावर जाऊन बदकं मोजत बसू नका, पाहुणे अंगणात पण आहेत. काळसर अंग, नारिंगी पोट आणि सतत थरथरणारी शेपटी असा कृष्ण थिरथिरा ऑक्टोबरात येतो आणि गोठ्याच्या, गोदामाच्या भिंतीवर ठाण मांडतो. पांढरा धोबी पाटाच्या कडेने शेपटी वरखाली करत फिरतो. कपाशीच्या किंवा तुरीच्या शेंड्यावर बसलेला गप्पीदास. लव्हाळ्यात गळ्याला निळा पट्टा असलेला शंकर, हा दिसायला वेळ लागतो, गुपचूप एका जागी बसावं लागतं. भोरड्या (गुलाबी मैना) तर ऑगस्ट-सप्टेंबरपासून येतात, दादर ज्वारीच्या शेतात त्यांचा थवा उतरला की शेतकऱ्याच्या तोंडून काय निघतं ते इथे लिहिता येत नाही, पण त्याच भोरड्या नाकतोडेही दाबून खातात हेही खरं. संध्याकाळी बाभळीत किंवा उसात त्यांचा मुक्काम पडायच्या आधी हजारोंचा थवा आकाशात वळतो, ते बघायला कुठलं तिकीट नाही.

माळावरचा भोवत्या मात्र लक्षात ठेवा. हा ससाण्यासारखा दिसणारा शिकारी पक्षी जमिनीलगत संथ उडत नाकतोडे, उंदीर, छोटे पक्षी शोधतो आणि रात्री झाडावर बसत नाही, उंच वाळक्या गवतात जमिनीवरच झोपतो, कधी कधी बरेच जण एकत्र. गवत हीच त्याची वाऱ्यापासूनची आडोशाची भिंत. हिवाळ्यात कुरण पेटवणं म्हणजे या पक्ष्याचं घर पेटवणं, ससा, लावे, तित्तिर यांचंही.

साप, सरडे आणि बाकी गार रक्ताची मंडळी

यांचं गणित उलटं. हे अंगात ऊब तयारच करत नाहीत, बाहेरून घेतात, त्यामुळे थंडीत यांची मशीनच हळू होते आणि खायलाही फार लागत नाही. सरडा सकाळी कुंपणाच्या खांबावर बघा, काळपट, चपटा होऊन उन्हाला आडवा बसलेला, गडद रंग ऊन जास्त ओढतो. अर्ध्या-पाऊण तासाने तोच सरडा फिकट झालेला आणि हात लांबवायच्या आत पळालेला. हा बदल घड्याळ लावून बघण्यासारखा आहे, मुलांना घेऊन गेलात तर हेच दाखवा.

साप, घोरपडी वारुळात, काळ्या जमिनीच्या भेगांत, उंदरांच्या बिळांत, दगडी बांधात शिरतात. आपल्याकडची थंडी काही सलग चार महिने नसते म्हणून ते पार झोपून जात नाहीत, ऊन चांगलं पडलं की बाहेर येऊन शेकतात आणि परत आत. घोणस तर थंडीतच जास्त दिसते कारण तिचा जुळायचा हंगाम हाच. आता सावधगिरी, आणि हे गंमतीत घेऊ नका: पऱ्हाटीचा (कपाशीच्या वाळक्या काड्यांचा) ढीग, कडब्याची गंजी, सरपण, पाईपांचा ढिगारा, ठिबकच्या नळ्यांची गुंडाळी यात हात घालायच्या आधी काठीने हलवा, पायात बूट घाला. गारठलेला साप संथ असतो म्हणजे चावत नाही असं अजिबात नाही, आणि पळून जाता येत नाही म्हणून तो जागेवरून फटका मारण्याची शक्यता उलट जास्त. घरात निघाला तर सर्पमित्राला बोलवा किंवा वनखात्याचा १९२६ नंबर लावा. चावलाच तर बाबा-बुवा नाही, सरळ सरकारी दवाखाना.

बरेच बेडूक पावसाळा संपला की मातीत गेलेले असतात ते पुढच्या पावसाळ्यालाच वर येतात, त्यांना थंडीपेक्षा कोरड्याची भीती. जगात काही ठिकाणी मात्र बेडकांची कमाल आहे, अलास्काकडचा एक रानबेडूक हिवाळ्यात चक्क गोठतो, हृदय थांबतं, पेशींत साखर भरून ठेवलेली असते म्हणून त्या फुटत नाहीत, आणि वसंतात वितळून उड्या मारायला लागतो. आपल्या बेडकांना एवढे उपद्व्याप करायची वेळ येत नाही.

अस्वल झोपत नाही

शाळेच्या पुस्तकामुळे प्रत्येकाला वाटतं की अस्वल हिवाळ्यात झोपतं. आपलं सातपुड्यातलं अस्वल झोपत नाही. लडाखकडचं तपकिरी अस्वल झोपतं, हिमालयातले मार्मोट तर बिळात घोळक्याने सहा-सात महिने झोपतात, आर्क्टिकमधल्या एका खारीचं शरीर झोपेत उणे २.९ अंशांपर्यंत उतरतं असं मोजलेलं आहे. पण ती झोप थंडीसाठी असण्यापेक्षा उपासमारीवरचा उपाय आहे, खायला काही नाही तर इंजिन बंद ठेवलेलं बरं. आपल्या अस्वलाला हिवाळ्यात वाळवी मिळते, बोरं मिळतात, मग झोपेल कशाला? फक्त मादी डिसेंबर-जानेवारीच्या आसपास पिल्लं घालते आणि काही आठवडे गुहेत-कपारीत बसते, तेव्हा सातपुड्यात डोंगराच्या कपारींत डोकावायचं धाडस करू नका.

बोर या झाडाबद्दल थांबून बोलतो, कारण आपल्या थंडीतलं सगळ्यात मोठं अन्नछत्र हेच आहे आणि आपण त्याला काटेरी झुडूप म्हणून तोडतो. डिसेंबर-जानेवारीत बोरं पिकतात, म्हणजे नेमकं जेव्हा पावसाळ्यातलं गवत वाळलेलं आणि किडे कमी झालेले असतात. पहाटे रानवाटेने जाताना मधोमध पडलेली, बोराच्या बियांनी गच्च भरलेली विष्ठा दिसेल, ती बहुतेक कोल्ह्याची किंवा उदमांजराची. कोल्हा मांसाहारी असं आपण धरून चालतो पण थंडीत तो बोरांवर जोरदार ताव मारतो. काडीने उकरून बघा, बिया मोजा, सोबत उंदराचे केस, बोंडाचे तुकडे, काय सापडेल ते बघा, अख्ख्या रात्रीचं जेवण तिथे मांडलेलं असतं. हात मात्र लावू नका. बोराच्या झाडाखाली दुपारी नीलगाय, रानडुक्कर, ससे यांच्या खुणा मिळतील, वर बुलबुल. उंबर पण असाच, त्याला वर्षभर कधी ना कधी फळं असतात, नाल्याकाठचा एक उंबर म्हणजे डझनभर जातींचं राशनचं दुकान.

केसाळ जनावरांचा हिवाळी कोट दाट होतो, कोल्हा, लांडगा या दिवसांत उन्हाळ्यापेक्षा भरलेले दिसतात. लांडग्याची पिल्लंही याच काळात होतात, माळावर बीळ सापडलं तर फोटो टाकू नका, जागा सांगू नका, निघून या. वानरांची टोळी सकाळी पूर्वेकडच्या फांद्यांवर हात पोटाशी घेऊन, पिल्लं मधे, अशी बसलेली असते, ऊन पोटावर घेऊन झालं की पाठ. जुन्या किल्ल्यांच्या, लेण्यांच्या अंधाऱ्या कपारीत वटवाघळं असतात, किडे खाणारी छोटी वटवाघळं थंडीत अंगाचं तापमान खाली आणून पडून राहतात. लळिंगला किंवा पाटणादेवीकडे गेलात तर मोबाईलचा टॉर्च मारत, ओरडत आत शिरू नका, त्यांना जागं करणं म्हणजे त्यांची साठवलेली चरबी फुकट जाळायला लावणं.

झाडं: पानं थंडीने गळत नाहीत

आता माझा आवडता विषय. हिवाळ्यात साग उघडा पडलेला बघून सगळे म्हणतात थंडीने पानं गळाली. खान्देशात तसं नाही. आपलं जंगल कोरडं पानगळीचं, इथे पानगळ मुख्यतः पाण्यासाठी असते. पान म्हणजे पाण्याची गळती, पाऊस चार महिने, पुढचे आठ महिने जमिनीतल्या साठ्यावर काढायचे, मग मोठमोठी पानं ठेवून कसं चालेल? खात्री करायची असेल तर हे करा. सातपुड्याच्या पायथ्याला, लंगडा आंबा नावाच्या जागेकडे किंवा पालच्या रस्त्याला, दोन साग निवडा, एक उतारावर मुरमात आणि एक नाल्याच्या काठाला. थंडी दोघांना सारखीच, उलट नाल्यात गार हवा साचते म्हणजे तिथे जास्तच. तरी उतारावरचा आधी उघडा होतो आणि नाल्याकाठचा कितीतरी दिवस पानं धरून राहतो. डिसेंबरच्या मध्यापासून दर पंधरवड्याला दोघांचा एकाच जागेवरून फोटो काढा, फरक डोळ्यांना दिसेल.

गळायच्या आधी झाड पानातला कामाचा माल, म्हणजे नायट्रोजन, फॉस्फरस वगैरे, परत ओढून घेतं, म्हणून पान आधी पिवळं-तपकिरी होतं. मग देठाच्या बुडाशी एक थर तयार होतो, पान सुटतं आणि जखम आधीच बुजलेली असते. सागाचं ताजं पडलेलं पान उचला आणि फांदीवर ते जिथून सुटलं ती जागा बघा, स्वच्छ, कोरडा डाग, त्याच्याच वर पुढच्या पावसाळ्याचा कोंब घट्ट मिटून बसलेला. उघडं झाड मेलंय की जिवंत हे बघायचं असेल तर बारीक फांदीची साल नखाने जराशी खरवडा, खाली हिरवं दिसलं की जिवंत. एकाच जागी, जराशीच, अख्खं झाड सोलू नका.

काही झाडं तर उघडी असतानाच कामाला लागतात. कांडोळ, तो पांढऱ्या गुळगुळीत खोडाचा, चांदण्यात भुतासारखा दिसणारा, हिवाळ्यात पानं नसताना फुलतो. सालईची साल कागदासारखी सुटते आणि खाली हिरवट थर दिसतो, पानं नसली तरी सालीतूनच थोडं अन्न तयार करायची सोय. काटेसावर जानेवारीपासून फुलायला लागते आणि तिच्या मधावर कोण कोण येतं ते मोजायला एक सकाळ पुरत नाही. अंजन मात्र हिवाळाभर पानं ठेवतो, त्याची पानगळ उन्हाळ्याच्या तोंडाला, आणि तीही थोड्या दिवसांची, यावलकडे अंजनाचे पट्टे आहेत ते मुद्दाम बघा. आणि जे झाडच दिसत नाही ते विसरू नका: कळलावी, सफेद मुसळी जमिनीखाली कंदात झोपलेल्या असतात, टाकळा मरून गेलेला असतो पण कडक सालीचं बी पेरून.

बर्फाच्या मुलखात झाडांचा खरा शत्रू म्हणजे पेशीत पाणी गोठून पेशी फुटणं. देवदार, चीड पेशींत साखरेचं प्रमाण वाढवतात, पानं सुईसारखी बारीक आणि मेणचट ठेवतात, फांद्या उतरत्या म्हणजे बर्फ घसरून पडतो. आपल्या झाडांनी हे कधी शिकलेलंच नाही, त्यामुळे डाब-तोरणमाळकडे दव गोठतं त्या रात्री आंब्याची, पपईची कोवळी पालवी काळी पडलेली दिसते.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्या रावेर-यावलच्या केळीत आहे. केळ उष्ण-दमट मुलखातलं, तिला झोपता येत नाही, पानं टाकून बसता येत नाही. १०-१२ अंशांच्या खाली गेलं की वाढ थांबते, पानं आखडतात, चरका (थंडीने होणारी इजा) येतो, घड बाहेर पडताना अडकतो. म्हणून शेतकरी रात्री पाणी देतो, कारण ओली जमीन दिवसाची ऊब जास्त धरते, आणि पहाटे बांधावर शेकोट्या करून धूर करतो. शेजारच्या शेतात हरभरा आणि दादर मात्र याच थंडीवर खुशीत वाढतात. एकाच बांधावर उभं राहून दोन्ही बघता येतं, एक पीक थंडीमुळे थांबलेलं, दुसरं तिच्यावर पोसलेलं.

मदत करायचीच असेल तर

बहुतेक मदत म्हणजे काही न करणं. शेकोटीसाठी किंवा भरीत भाजायला ढीग पेटवणार असाल तर तो आदल्या दिवसापासून पडून असलेला नको, आधी काठीने पूर्ण उलटा करून बघा, आत साप, मुंगूस, मांजरीची पिल्लं, काहीही असू शकतं. बांध जाळून साफ करायची सवय सोडा. सुकलेलं, ढोली पडलेलं झाड घरावर पडणार नसेल तर राहू द्या, पिंगळ्यापासून पोपटापर्यंत सगळ्यांचं घर ते. रानपिंगळ्याचं तर विशेष: १८८४ नंतर हा पक्षी कुणाला दिसलाच नव्हता, संपला असं धरलं होतं, आणि १९९७ च्या नोव्हेंबरात तो शहाद्याजवळ पुन्हा सापडला. दिवसा हिंडणारा पक्षी, हिवाळ्यात उघड्या सागावर बसलेला दिसण्याची शक्यता जास्त, पण विणीचा काळही हिवाळ्यातच असतो, म्हणून मोबाईलवर आवाज वाजवून त्याला बोलवू नका.

सकाळी अंगणात गारठलेला पक्षी सापडला तर खोक्याला भोकं पाडून, आत जुनं सुती कापड टाकून, शांत उबदार जागी ठेवा. चोचीत पाणी ओतू नका, दूध-चपाती तर नाहीच. ऊन चढलं की खोकं बाहेर नेऊन उघडा, ठणठणीत असेल तर स्वतःच उडतो, नाही उडाला किंवा जखम दिसली तर १९२६. गाडी सुरू करायच्या आधी बॉनेटवर दोन थापा मारा, इंजिनाच्या उबेला मांजर बसलेलं असतं. अंगणात उथळ ताटलीत पाणी आणि थोडी बाजरी ठेवलीत तर चांगलंच, पण ठेवायला लागलात तर मधेच बंद करू नका आणि ताटली रोज धुवा. संक्रांतीला नायलॉन मांजा घेऊ नका, पक्ष्यांची ये-जा पहाटे आणि संध्याकाळी सगळ्यात जास्त, नेमका पतंगांचा वेळ तोच, आणि तुटलेला मांजा झाडावर पुढचे कित्येक महिने लटकत राहतो, दिसला तर काठीने काढून गुंडाळून कचऱ्यात.

वहीत फार लिहू नका, तारीख, पहाटेचं तापमान, आभाळ, आणि पहिला राघू कधी उडाला एवढं पुरे. फेब्रुवारीच्या अखेरीला पळसाला रंग चढतो, भोरड्या सावरीवर आणि पळसावर गर्दी करतात, बदकं एक-एक करून कमी व्हायला लागतात, आणि तारेवरचे राघू पुन्हा अंतर ठेवून बसायला लागतात. तेव्हा ही वही बंद करा. एप्रिल-मेत बघायचं असेल तर पहाटेऐवजी भर दुपारी पाणवठ्यावर बसावं लागतं, तिथलं गणित वेगळं आहे, ते पुन्हा कधीतरी.